घोट्याला दिलेला खो

"नॉर्मल म्हणजे काय, निषाद?"

मिरजेतल्या एका इस्पितळात एमआरआय आणि सोनोग्राफीचा विभाग सांभाळणारे डॉ. मुजावर विचारत होते. निषाद त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"म्हणजे काही झालेलं नाही, सर. घोट्याचा एमआरआय स्वच्छ आहे. एकूण एक टेंडन जागेवर."

समोर स्टुलावर वैजयंता सलगर बसली होती. जतची, खो-खो खेळणारी. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला शीर सरकते, पाय दगा देतो, हे सांगून सांगून ती थकली होती. प्रशिक्षक मॅडमनी सगळ्या संघासमोर तिला नाटकी म्हटलं होतं. आता रिपोर्टवर 'नॉर्मल' उमटलं की संघातून नाव गेलंच. एका शब्दात पोरगी खोटी ठरते, आणि लिहिणारा चहा प्यायला निघून जातो.

"सोनोग्राफीतही पाहिलं," निषाद म्हणाला. "पाय वर-खाली, आत-बाहेर करायला लावला. काही नाही."

सर तिच्याकडे वळले. "कधी होतं गं, बेटा?"

"उठताना."

"खुर्चीवरून?"

"नाही ओ. मैदानात बसलेली असते ना, तिथनं."



सरांनी तिला फरशीवर उकिडवं बसवलं. स्वतःही गुडघे वाजवत तिच्यामागे खाली बसले आणि सोनोग्राफीचा प्रोब तिच्या घोट्याच्या हाडामागे टेकवला.

"सर, टेबल आहे की," निषाद कसनुसं हसला.

"तू स्क्रीन बघ. दुसरीकडे बघू नकोस."



सरांनी मोकळ्या हाताने तिच्या पाठीवर थाप दिली.

"खो."

ती उसळली. सरांचा हात घोट्याबरोबर गेला. स्क्रीनवर दोरीसारखं टेंडन हाडाची कड ओलांडून टुणकन पुढे आलं, आणि पाय टेकताच मुकाट्याने मागे गेलं. त्याला जागेवर धरणारी पट्टीच सुटली होती.

"हीच ती शीर," वैजयंता म्हणाली. डोळे भरले होते, पण ती हसत होती. "आता मॅडमना तुम्हीच सांगा."

"सांगतो. नाही पटलं तर त्यांनाही इथं उकिडवं बसवू. आणि पाय दुरुस्त होतो हां, घाबरू नको."

निषादने कच्च्या रिपोर्टवर लिहिलेला 'नॉर्मल' खोडला. त्याचे कान तापले होते.

"सर... म्हणजे एमआरआय खोटा होता?"

"छे. अगदी खरा होता. झोपलेल्या मुलीचा."