धुतलेल्या गवताचा वास

त्या राज्यात गोडाला तोटा नव्हता. तोटा होता तो दारं उघडणाऱ्यांचा.

राज्य नवं होतं. भिंतींची ओल अजून वाळायची होती, रोज कुठे ना कुठे नवं घर उठत होतं, आणि प्रत्येक घराला रस लागत होता. रस तांबड्या कालव्यांतून अखंड वाहत असे. पण दाराशी आला म्हणून तो आपोआप आत शिरत नसे. दाराला कुलूप होतं, आणि ते कुलूप गवताच्या किल्लीनेच उघडे. एक किल्ली एकदाच चाले. रस आत गेला की ती विरघळून जाई आणि पुढच्या जेवणाला नवी लागे.

या किल्ल्या सुगरण पक्षिणी विणत. राज्याच्या मोठ्या गिरणीमागे एका लांबट बेटावर त्यांची वस्ती होती. कालव्यातला एक घोट चाखायचा, गोडी किती आहे ते पाहायचं, आणि तेवढ्याच किल्ल्या विणून प्रवाहात सोडायच्या. जास्त नाही, कमी नाही. इतक्या नेमकेपणाने काम करणाऱ्या त्या कोण, हे राज्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. रोज बिनबोभाट होणाऱ्या कामाची चौकशी सहसा कुणी करत नाही.

राखणदारांना मात्र सगळे ओळखत. राखण कुत्र्यांकडे होती. राज्याच्या मधोमध एक नगारा अहोरात्र वाजत असे, त्याच्या बरोबर वर एक टेकडी होती, आणि तिथे पिल्लांची शाळा भरे. शाळा चालवणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीला सगळे जाणतीबाई म्हणत. तिथे धडा एकच होता. राज्यातल्या प्रत्येक वस्तीतून वापरातली एखादी वस्तू मागवायची, पिल्लांच्या पुढे ठेवायची आणि त्यांच्याकडे बघत बसायचं. हुंगून शेपूट हलली तर ठीक. जे पिल्लू आपल्याच माणसाच्या वासावर गुरगुरलं, ते टेकडीवरून कधी खाली उतरत नसे. ते कुठे जातं, हे विचारायची पद्धत नव्हती.

वस्तू गोळा करायला एक कावळा येई. तो बेटावर आला, तेव्हा सगळ्या वस्तीच्या वतीने गवताची काडी द्यायचं काम विणीकडे आलं. विणी बेटावरची सगळ्यांत धाकटी सुगरण होती. तिने घरट्याच्या आतलं गवत उपसून पुढ्यात घेतलं. त्याला पिसं चिकटली होती, कालच्या रसाचे डाग होते, झोपेचा आणि घामाचा कोंदट वास होता. तिला कसंतरीच झालं. असलं मळकं कुणाच्या घरी पाठवतात का?

तिची सासू, जिला ती आत्या म्हणे, म्हणाली की दे तसंच, तिथे बघतंय कोण, कुत्रे नुसते हुंगणार.

"म्हणूनच तर, आत्या," विणी म्हणाली.

तिने ते गवत वाहत्या पाण्यात खळखळून धुतलं, डाग निघेनात म्हणून पुन्हा धुतलं, उन्हात वाळवलं, सरळ केलं, छान जुडी बांधली. कावळ्याने जुडी चोचीत धरण्याआधी मान वाकडी करून पाहिली आणि इतकं चकाचक सामान आजवर कुणी दिलं नव्हतं, असं सांगितलं. विणी दिवसभर त्या वाक्यावर खूश होती.

टेकडीवर पिल्लांनी ती जुडी हुंगली. तिला पाण्याचा आणि उन्हाचा वास येत होता. पाणी आणि ऊन सगळ्यांच्याच ओळखीचं. एकही पिल्लू गुरगुरलं नाही. जाणतीबाईंनी समाधानाने पुढची वस्तू मागवली.

त्या हिवाळ्यात वाऱ्याच्या वेशीतून परके आत घुसले. बारीक होते, पण पुष्कळ होते. राखणदारांनी नाक्यानाक्यावर शेकोट्या पेटवल्या, सगळं राज्य तापलं, घरं थरथरली. शेवटी परके हटले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतक्यावर ते संपायला हवं होतं. पण एक परका निसटला आणि बेटावरच्या गवतात लपला, आणि त्याच्या मागावर ठिपक्या नावाचा एक तरुण कुत्रा तिथवर पोचला.

ठिपक्याने परक्याला गाठून संपवलं. मग त्याने नाक वर केलं. मेलेल्या परक्याच्या अंगाला जो गवताचा, पिसांचा, रसाचा वास होता, तोच वास पुढच्या घरट्यातून येत होता. त्याच्या पुढच्यातूनही. आणि हा वास त्याने शाळेत कधी घेतला नव्हता.

ठिपक्या दुष्ट नव्हता. कामात हुशार म्हणून त्याचं नाव होतं, आणि हुशार मुलांचं होतं तसं, आपलं चुकलं असेल हे त्याच्या मनात आलंच नाही. त्याने पहिलं घरटं फाडलं, तोंडभर गवत छावणीवर नेलं आणि इतरांच्या पुढे टाकलं.

"हा वास शाळेत होता?" त्याने विचारलं.

कुणालाच आठवेना.

"मग?" ठिपक्या म्हणाला, आणि तेवढा एक शब्द पुरला.

त्यानंतर ते वरचेवर येऊ लागले. दर वेळी थोडे जास्त. आत्याने आपल्या दारात उभं राहून अगदी प्रेमाने हाक मारली होती, अरे बाळांनो, मी तुमच्याच घरची, तुमच्याच दाराच्या किल्ल्या विणते. पण त्यांना ओळख शिकवली होती ती नाकाने, कानाने नाही. संध्याकाळी आत्याचं फाटलेलं घरटं पाण्यावर तरंगत होतं.

राज्याला याची खबर लागली नाही, कारण उरलेल्या सुगरणींनी दुप्पट हात चालवले. विणीची चोच सोलवटली. आपण धुतलं नसतं तर, हा विचार तिला दर गाठीला येई आणि दर गाठीला ती तो बाजूला सारी. कधी वाटे, गवताची एक जुडी धुतल्याने का कुठे असं होतं? कधी वाटे, दुसरं काही झालंच नाही, तेवढंच तर झालं. दोन्ही विचारांनी विणकाम सारखंच बिघडत होतं.

मग एक दिवस किल्ल्या पुरेनाशा झाल्या.

कालवे काठोकाठ भरले. रस दाट झाला, काठांवरून सांडू लागला, आणि दारांच्या आत घरं उपाशी राहिली. भुकेल्या घरांनी आपल्याच तुळया आणि वासे जाळायला घेतले. राज्य दिसता दिसता बारीक होऊ लागलं. दाट रस पातळ करायला पाणी ओतावं लागे, ते पाणी रस घेऊन बाहेर धावे, की पुन्हा तहान. शिखरावर बसून राज्य चालवणाऱ्या मंडळींना किल्ली लागत नसे, त्यांची दारं उघडीच होती. त्यांनी बराच काळ, वाढीच्या वयात असं होतंच, असं म्हणून धीर दिला. मात्र राज्याचं पाणी जिथून बाहेर जाई त्या मोरीशी गोडाच्या वासाने मुंग्यांची रांग लागली, तेव्हा त्यांचाही धीर सुटला.

विणीने आपल्या घरट्यातलं आतलं, मळकं गवत उपसलं. या वेळी धुतलं नाही. ते पंखाखाली धरून ती टेकडीकडे निघाली. वाटेवर राखणदारच राखणदार होते, आणि ज्या वासामागे ते लागले होते तोच तिच्या अंगाला येत होता. ती कालव्याच्या काठाकाठाने, ओल्या सावलीतून, श्वास रोखून गेली. एकदा एका कुत्र्याने मान वळवली. ती बुरशी धरलेल्या कठड्याला चिकटून राहिली आणि त्याने मान पुन्हा फिरवेपर्यंत तिला आपलं काळीज त्या नगाऱ्यापेक्षा मोठ्याने वाजताना ऐकू आलं.

जाणतीबाईंनी ते गवत बराच वेळ हुंगलं. मग म्हणाल्या, "हा वास माझ्याकडे कधी आलाच नाही."

"मी धुऊन पाठवलं होतं, बाई."

"हं." बाईंनी डोळे मिटले. "धुऊन पुष्कळ जण पाठवतात, पोरी. त्यांच्या दारात कुणी जात नाही. आणि काहींनी मळकं पाठवलेलं असतं, तरी तिथे धिंगाणा होतो. मी इतकी पिल्लं शिकवली, पण कुणाचं कुठे बिनसतं, ते मला अजून कळलेलं नाही."

विणीला शिक्षा चालली असती. हे ऐकणं तिला जड गेलं. तिने विचारलं, की आता हे हुंगवून त्यांना पुन्हा शिकवता येणार नाही का. बाईंनी सांगितलं, की नव्या पिल्लांना शिकवीन. पण जे खाली उतरले ते शाळेत परत येत नाहीत, आणि एकदा दातांना लागलेला वास ते विसरत नाहीत. मग त्यांनी एका कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे एक पिंगट कुत्रा पाय पसरून पडला होता. त्याचं काम भुंकणाऱ्यांच्या मध्ये जाऊन निजणं एवढंच होतं, आणि असे फार थोडे निघत. बाईंनी त्याला विणीबरोबर धाडलं.

"हा किती दिवस थोपवील?"

"ते त्याला विचारू नकोस," बाई म्हणाल्या. "बिचारा घाबरेल."

पिंगट कुत्रा शेवटच्या मोजक्या घरट्यांसमोर आडवा झाला. ठिपक्या आणि त्याचे सोबती आले, थबकले, गुरगुरत भोवती फिरत राहिले. पिंगट कुत्र्याच्या पाठीमागे विणी विणत होती. विणून होई त्या किल्ल्या बेटाजवळच्या घरांनाही पुरत नव्हत्या. लांब, पायथ्याकडच्या वस्त्यांतले दिवे एकेक करून मंद होत होते. तिने वर पाहिलं, कारण पाहायला दुसरीकडे जागाच उरली नव्हती.

तेव्हा राज्याचं आकाश एका जागी थंड पडलं. तेवढ्याच भागात ते ओलं झालं आणि तिथून झणझणीत, नाकात जाणारा वास खाली आला. सगळे कुत्रे एकदम वर बघू लागले. मग आकाशाचा तो तुकडा कुणीतरी बाहेरून चिमटीत धरावा तसा उचलला गेला, आणि त्याच्या पलीकडे, पातळ आभाळातून अंधुक दिसेल इतक्या जवळ, एक चकचकीत पोकळ काटा येऊन थांबला. त्याच्या पोटात किल्ल्या होत्या. हजारो, सगळ्या एकसारख्या, कुठल्याही बेटावर न विणलेल्या.

काटा लगेच आत आला नाही. तो थरथरत होता. आकाशापलीकडून एक बारीक रडका आवाज आला, नको ना, आई, टोचू नकोस. त्यावर दुसरा आवाज, धीर दिल्यासारखा पण अर्ध्यात चिरकणारा, म्हणाला, "बघ, मी पण डोळे मिटते."