कोपऱ्यातली काठी

काठ्यांनाही मन असायचं, त्या काळची गोष्ट. केरूनाना रोज सकाळी वाचनालयात जायचे. वाटभर त्यांचा हात काठीच्या मुठीवर असे. आत शिरले, की काठी कोपऱ्यात आणि पुस्तक हातात.

“चिखल तुडवायचा मी, आणि मांडीवर बसायचं या पुस्तकांनी,” काठी जळफळायची.

एके दिवशी नाना घरी निघणार, तोच ती मुद्दाम कपाटामागे घसरली. “बघतेच आता, माझ्यावाचून कसे जातात ते.”

बरंच शोधूनही काठी सापडली नाही.

“आता हो, नाना?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“संध्याकाळी सून येईल न्यायला. तोवर तो जाडा ग्रंथ द्या. रोज निघायच्या घाईत राहून जातो.”

कपाटामागच्या धुळीत काठीला दिवसभर पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.