खापरी नळांचे नगर

फार फार पूर्वी, कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, एका मोठ्या साम्राज्याची एक देखणी राजधानी होती. सम्राटाचा तिच्यावर भारी जीव. एकुलत्या एका लेकीचे करावेत तसे तो तिचे लाड करी.

दरवर्षी नगराच्या वाढदिवसाला प्रांताप्रांतांतून कारागीर येत, महिनाभर राहून नगर सजवत आणि आपापल्या गावी परत जात. एका वर्षी सम्राटाला वाटले, इतकी गुणी माणसे परत कशाला पाठवायची? त्याने सगळ्यांना ठेवून घेतले. राहायला घरे दिली, रोज गोडधोड खाऊ घातले, आणि वेशीवर पहारा बसवला. प्रेमच होते ते, पण जरा आंधळे.

त्यांत डोंगराकडचे कुंभारही होते. राजधानी वसली होती कोरड्या माळावर. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या खापरी नळांतून तिथवर येई. ते नळ हेच कुंभार घडवत आणि फुटले की बदलत. आता ते राजवाड्यासाठी मातीचे मोर करू लागले. मोर फार सुंदर झाले, हे मान्य करायलाच हवे.

पुढच्या उन्हाळ्यात नळ जागोजागी फुटले. नगरातले हौद कोरडे पडले, बायाबापड्या रिकाम्या घागरी घेऊन बसून राहिल्या. सम्राटाने फर्मावले, नळ इथेच घडवा. डोंगरातली माती गाड्या भरभरून आली. पण ती मळायला पाणी कुठे होते?

शेवटी त्याने कुंभारांतल्या सर्वांत वडील हौसाक्कांना बोलावले. नगराचे वैभव हातचे जाईल अशी त्याला भीती वाटत होती.

"तुम्हाला जाऊ दिलं, तर परत याल ना?"

हौसाक्कांना त्याच्याविषयी माया वाटली. त्या म्हणाल्या, "महाराज, खोटं कशाला सांगू? आम्ही येऊ की नाही, ते ठाऊक नाही. पण पाणी येईल."

मग सम्राटाने वेशीवरचा पहारा उठवला, आणि एकट्या कुंभारांनाच नव्हे, सगळ्याच कारागिरांना घरी जायची मोकळीक दिली.

नळ जोडले गेले, हौद भरले. नगराच्या वाढदिवसाला मात्र कुणीही आले नाही. घरची कामे तुंबली होती ना. तेव्हा सम्राटाने स्वतःच्या हातांनी एक ओबडधोबड तोरण वेशीला बांधले, हौदावर जाऊन लोकांबरोबर ओंजळीने पाणी प्याला, आणि त्याला आपले नगर पूर्वीपेक्षा अधिक आवडले.

तात्पर्य : गावे नांदती राहिली, तरच राजधानी नांदते.