वरचा मासा

शके अठराशे एक्केचाळीस, चैत्र शुद्ध पंचमी. होळी होऊन वीस दिवस झाले होते आणि ऊन तापायला लागलं होतं. त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, एका पोरीला दारातून परत पाठवलं.

पोरीचं नाव हौसा. वय चौदा. तिच्या आईने महिन्यामागे तांडेलाकडून टोपलीभर मासे उसने नेले होते. ते फेडायला हौसा आली होती.

तांडेलाने टोपलीत पाहिलं. "वरचा मासा कुठाय?"

"आज नाही मिळाला, तांडेलबाबा. पण टोपली शिगोशीग भरून आणलीय."

"टोपली माझीच होती. वरचा मासा तुमचा. तो घेऊन ये, मग फिटलं म्हणेन."

गावाची रीतच तशी होती. ज्याच्या घरी चूल थंड, त्याने शेजाऱ्याकडून टोपलीभर मासे न्यावेत. नेताना कुणी काही विचारत नसे. फेडताना मात्र तेवढीच टोपली भरायची आणि तिच्यावर एक मासा जास्त ठेवायचा. तो टोपलीतल्या सगळ्यांपेक्षा मोठा हवा. तो ठेवल्याशिवाय उसनं फिटत नसे. आणि ज्याच्या डोक्यावर उसनं, त्याने नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा नाही.

तांडेलाने जन्मात कुणाकडून उसनं घेतलं नव्हतं. गावाचा मानाचा नारळ तीस वर्षं त्याच्याच हातून दर्यात जात होता. या दोन गोष्टींचा त्याला ताठा होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही.

हौसा दुपारभर उन्हात खडकावर बसली. गळाला एक मासा लागला तो घेऊन संध्याकाळी पुन्हा आली. तांडेलाने मासा हातात तोलला.

"आता फिटलं," तो म्हणाला.

हौसाने ते नीट लक्षात ठेवलं.

त्या वर्षी मासळी कमी लागत होती. होड्या अर्ध्या रिकाम्या परतत होत्या. तांडेलाने त्यावर उपाय काढला. जाळ्याच्या टोकाला जी पिशवी असते, तिची वीण त्याने बारीक केली. इतकी बारीक की जाळ्याच्या डोळ्यातून, म्हणजे भोकातून, करंगळी जाईना. मग त्या पिशवीत सगळंच अडकायला लागलं. नखाएवढी पापलेटं आली, बोटाएवढी घोळ आली, सुतासारखी कोळंबी आली.

असला चुरा बाजारात कोण घेणार? पण वरच्या अंगाला माडांच्या बागा होत्या. बागायतदार ही पिल्लं वाळकी घेऊन माडांच्या मुळाशी खत म्हणून घाली आणि बदल्यात तांदूळ देई. तांडेलाने बारा टोपल्या पिल्लं वाळूवर पसरली. आलेल्या तांदळातून जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा दिला. त्यात त्याने लबाडी केली नाही. इतर होड्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्याही जाळ्यांची वीण बारीक व्हायला लागली.

हौसा वाळूवर उकिडवी बसली. तिच्याभोवती गावातली वीसेक पोरंपोरी जमली. सगळी जाळं ओढायला जाणारी, हाताला घट्टे पडलेली. त्यांतला बुधा सतरा वर्षांचा, अंगाने रेड्यासारखा. त्याने एक वाळकं पिल्लू तळहातावर घेतलं.

"ही घोळ आहे. मोठी झाली असती तर दोघांना उचलावी लागली असती."

"आता एका माडाला पुरणार नाही," हौसा म्हणाली.

ती उठली आणि होडीच्या सावलीत बसलेल्या तांडेलापुढे जाऊन उभी राहिली. "तांडेलबाबा, ही पुढच्या तीन वर्षांची मासळी. ती आजच का काढली?"

"दर्या मोठा आहे गो. तुझ्या टोपलीने आटायचा नाही."

"माझ्या नाही. तुमच्या. बारा टोपल्या."

"आधी नाक पुसायला शीक," तांडेल म्हणाला. आसपासचे बापये हसले.

हौसा हसली नाही. रडलीही नाही.

वैशाखात गावाची बैठक भरली. बैठकीत मध्यभागी एक वल्हं ठेवलेलं असे. ते हातात घेईल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तंटा कुठलाही असो, निवाडा तांडेलाचा. त्या दिवशी दोन तंटे मिटले, आणि उठायच्या आधी हौसाने वल्हं उचललं. ते तिच्यापेक्षा हातभर उंच होतं.

"तक्रार कुणाविरुद्ध?" तांडेलाने विचारलं.

"तांडेलबाबांविरुद्ध."

"कुणाची?"

"दर्याची."

बैठकीत हशा उठला. एक नाखवा, म्हणजे होडीचा मालक, ओरडला, "दर्याने तुला वकीलपत्र दिलंय का गो?"

"दर्याला बोलता येत नाही," हौसा म्हणाली. "तुम्हाला येतं, पण तुम्ही बोलत नाही. म्हणून मी उभी राहिले." मग ती तांडेलाकडे वळली. "जे आपलं अजून झालेलं नाही, ते आधीच नेलं तर त्याला काय म्हणायचं?"

"उसनं," तांडेल म्हणाला. असले निवाडे त्याने शेकड्यांनी केले होते. उत्तर तोंडातून निघून गेलं, आणि मग ते कुठे जाऊन लागलं ते त्याला कळलं.

"मग बारा टोपल्या उसन्या आहेत. वरचा मासा वेगळा."

"पोरखेळ आहे हा!" नाखवा पुन्हा ओरडला.

बुधाने पुढे होऊन वल्ह्याला हात लावला. "पोरखेळ तर पोरखेळ. ज्या जाळ्याच्या डोळ्यातून दोन बोटं जात नाहीत, ते जाळं उद्यापासून आमच्यातलं कुणी ओढणार नाही. तुमचं तुम्ही ओढा."

त्याच्यामागे वीस पोरंपोरी उभी राहिली. गावातल्या होड्या तरण्या हातांवर चालत होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता सगळे तांडेलाकडे पाहायला लागले. त्याने नुसतं 'बसा खाली' म्हटलं असतं तरी बापयांनी पोरांना घरी हाकललं असतं. एकदोघांच्या पाठीत धपाटे बसले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. तांडेलाच्या तोंडावर ते शब्द आलेही होते. पण समोर तीच पोर उभी होती, जिला त्याने एका माशासाठी दारातून परत पाठवलं होतं. आज आपण बारा टोपल्या गिळून बसलो, तर उद्यापासून कुणाच्या दारात जाऊन वरचा मासा मागणार?

त्याने हात पुढे केला. हौसाने वल्हं दिलं.

"माझ्या डोक्यावर उसनं आहे," तांडेल म्हणाला. "ते फिटेपर्यंत मी नारळाला हात लावणार नाही."

तो तडक होडीवर गेला, कोयती काढली आणि बारीक विणीची पिशवी स्वतःच्या हाताने कापून टाकली. ती विणायला त्याला पंधरा दिवस लागले होते.

पण दर्याला फेडायचं कसं? हौसाने ते आधीच शोधून ठेवलं होतं.

खाडीच्या कडेला जुनी मिठागरं होती, वापरात नसलेली. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी बांध ओलांडून त्यांच्या खड्ड्यांत शिरे आणि पाण्याबरोबर माशांची पिल्लं आत येत. पुढचे आठ-दहा दिवस भरती तेवढी चढत नसे. खड्डे उन्हाने आटत, पिल्लं चिखलात तडफडून मरत. दर उधाणाला हजारो. ती उचलून खाडीत सोडायची, असं पोरांनी ठरवलं होतं. चाळीस हंडे म्हणजे एक टोपली धरायची.

"उसनं माझं आहे. मी एकटा फेडीन," तांडेल म्हणाला.

"जाळ्याला हात आमचेही होते," हौसा म्हणाली. "तांदूळ आम्हीही खाल्ले. निम्मं आमचं."

पहिल्या दिवशी तांडेल सगळ्यांच्या आधी मिठागरावर पोचला. पोरं येईपर्यंत त्याने टोपलीने सपासप पिल्लं उपसली, टोपली डोक्यावर घेतली आणि ताठ मानेने खाडीपर्यंत चालत गेला. तिथे टोपली उलटी केली. पिल्लं पाण्यावर पांढरी होऊन तरंगली. एकही हललं नाही.

"मेलेला मासा उसन्यात धरत नाहीत, तांडेलबाबा," मागून हौसाचा आवाज आला.

तांडेल त्या तरंगत्या पिल्लांकडे पाहत राहिला. पन्नास वर्षं त्याने मासे धरले होते. कुठला मासा कुठल्या पाण्यात, कुठल्या वाऱ्याला लागतो ते तो डोळे मिटून सांगे. पण मासा जिवंत कसा न्यायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

"दाखव," तो म्हणाला.

जन्मात त्याने हा शब्द कुणापुढे काढला नव्हता. हौसाने दाखवलं. आधी हंड्यात खड्ड्याचंच पाणी घ्यायचं. वर ओलं फडकं टाकायचं. पिल्लांना कोरडा हात लावायचा नाही, ओंजळ पाण्याखालून न्यायची. हंडा दाटीवाटीने भरायचा नाही. खाडीत उलटा करायचा नाही. कलता धरायचा आणि पिल्लं आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबायचं.

"थांबायचं किती?"

"त्यांना वाटेल तितकं."

तांडेल दात आवळून थांबला.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पायाला चिखलाच्या भेगा पडल्या. वाटेने जाणारे टोमणे मारत. "तांडेल, आता आमच्या विहिरीलाही पाणी घाला!" तांडेल उत्तर देत नसे. बुधा देई. "या काका, एक हंडा तुम्हीही घ्या. पोट कमी होईल." काही जण चिडून निघून जात. काही जण खरंच हंडा घेत.

पोरं एवढ्यावर थांबली नाहीत. पावसात होड्या वर ओढलेल्या असताना ती घरोघर गेली आणि प्रत्येक जाळ्याच्या डोळ्यात दोन बोटं घालून पाहिली. वीण बारीक निघाली की म्हणत, "हे ओढायला आम्ही येणार नाही." आई-बापांनी शिव्या दिल्या. दोघा-चौघांना जेवण मिळालं नाही. पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात. शेवटी जो नाखवा बैठकीत ओरडला होता, त्याने पिशवी कापून अंगणात फेकली. "घ्या मेल्यांनो! पण मला पुन्हा तोंड दाखवू नका."

"पौर्णिमेला होडी कोण ओढणार मग?" हौसाने विचारलं.

नाखवा पुटपुटत आत गेला.

श्रावण शुद्ध द्वादशीला बारावी टोपली पुरी झाली. राहिला एक मासा, वरचा. सोडलेल्या सगळ्या पिल्लांपेक्षा मोठा हवा, आणि जिवंत. पौर्णिमेला तीन दिवस होते. होड्या वर होत्या, जाळं टाकायला बंदी. तांडेलाने गावाला सांगितलं, "पौर्णिमेपर्यंत नाही मिळाला, तर नारळ दुसऱ्याने वाहावा." सांगताना त्याचा आवाज हलला नाही. घरी जाऊन मात्र तो जेवला नाही.

त्याच्या घरी सून बाळंतीण होती. दोन महिने घरात ताजा मासा शिजला नव्हता. ती मागत नव्हती, पण भाताकडे पाहून मान फिरवायची, ते तांडेलाने पाहिलं होतं.

चतुर्दशीची सकाळ. आठ दिवस पावसाने उघडीप दिली होती. तांडेल एकटाच मिठागराच्या टोकाला, शेवटच्या खड्ड्यापाशी गेला. ढोपरभर चिखल, वर वीतभर पाणी. त्या पाण्यात काहीतरी मोठं हललं.

जिताडा होता. हातभराहून मोठा, मादी, पोट गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, तट्ट फुगलेलं. कल्ले जड चालत होते. पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी इथपर्यंत आलंच असतं, पण तोवर ती टिकली नसती. वर दोन घारी घिरट्या घालत होत्या.

तांडेल चिखलात उतरला. पोरं दूर, खाडीच्या पलीकडच्या अंगाला होती. कुणी पाहत नव्हतं. एवढ्या जिताड्यात घर चार दिवस जेवलं असतं, आणि सुनेच्या ताटात गाभोळी पडली असती. नारळ काय, पुढच्या वर्षीही वाहता आला असता. कमरेची कोयती त्याच्या हाताला लागली.

त्याने हात कोयतीवरून काढला.

मग त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पाण्यात बुडवलं. कोरडा हात लावला नाही. पाण्याखालून दोन्ही हात घालून मादीला ओल्या कापडात घेतलं आणि छातीशी धरलं. ती एकदा जोरात उसळली. तांडेल घसरला, एक गुडघा दगडावर आपटला, पण हात सुटले नाहीत. हंड्यात ती मावणारी नव्हती. तो धावत निघाला. साठ वर्षांचा ताठ माणूस बांधावरून लंगडत, धापा टाकत पळताना पोरांनी प्रथमच पाहिला.

पोरं धावत आली. कुणी हंड्यातलं पाणी कापडावर ओतलं, कुणी वाट मोकळी केली. हौसा त्याच्या बाजूने चालत राहिली. मदतीला तिने हात लावला नाही. हा मासा त्याचा होता.

तांडेल कमरेएवढ्या पाण्यात शिरला. कापड कलतं धरलं आणि सोडलं नाही. थांबला. मादी निपचित होती. पोरं काठावर उभी होती. बऱ्याच वेळाने एक कल्ला हलला. मग दुसरा. मग शेपटीचा एक फटका तांडेलाच्या मनगटावर बसला, पाणी फुटलं, आणि कापड रिकामं झालं.

त्याने मागे वळून हौसाकडे पाहिलं.

"आता फिटलं," ती म्हणाली.

तात्पर्य: दर्याचं उसनंही उसनंच. ते जिवंत फेडावं, आणि वर एक जास्त ठेवावा.