शुक्रवारच्या दोन टोपल्या

खाडीकाठच्या एका गावात एलोजी नावाचा बेने इस्रायली तेली राहायचा. शनिवार हा त्याच्या ज्यू धर्मातला विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्याचा घाणा बंद, म्हणून गाव त्याला शनिवार तेलीच म्हणे. रोज सकाळी बैल जुंपण्याआधी तो धर्मग्रंथातला एकच भाग मोठ्यानं वाचायचा. रानात उपाशी फिरणाऱ्या त्याच्या पूर्वजांसाठी देवानं आभाळातून अन्न पाडलं, तो. तो वाचणाऱ्याला पोटाची ददात पडत नाही, अशी त्याची श्रद्धा.

एका शुक्रवारी वाचन आटोपून त्यानं दार उघडलं, तर समोर विसाजी खोत! मागे दोन गडी, डोक्यावर खोबऱ्याच्या टोपल्या.

"परवा देवळात उत्सव आहे. एका टोपलीचं तेल आज काढ, दुसरीचं उद्या."

"उद्या शनिवार, खोतसाहेब."

खोत भडकले. "आभाळातून अन्न पडतं असं रोज ओरडतोस ना? मग पडलेलं दाखव! नाही दाखवलंस, तर उद्या घाणा चालव, नाहीतर माझं काम कायमचं विसर."

एलोजी हसला. "त्या अन्नाची रीत होती, खोतसाहेब. ते सकाळी दाराबाहेर पडायचं, उचलायला आपण उठायचं. रोज एका दिवसापुरतं. शुक्रवारी मात्र दुप्पट, कारण शनिवारी पडायचंच नाही. तुमच्याकडून नेहमी एकच टोपली येते. आज मी वाचून दार उघडलं, तर बाहेर दोन! दिवस मावळायच्या आत दोन्हींचं तेल देतो."

गडी खुदकन हसले. खोतांनी नकळत वर आभाळाकडे पाहिलं.

"उतरवा रे टोपल्या," ते म्हणाले. "एवढ्या वरून पडलोय आपण, आता ओझं घेऊन उभे कशाला राहता?"