मेणावरची पावलं

आपला जुना सर्फबोर्ड विकायला काढलेले रावसाहेब तांडेल भर किनाऱ्यावर गरजले, “म्हणे तीन फिनांचा बोर्ड झटकन वळतो! हा मेला ठोकळा वळतच नाही. वळवून दाखवेल त्याला फुकट!”

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या शाल्मलीने तळाचे फिन, माशाच्या परांसारखे छोटे पंख, चाचपले, पाय घसरू नये म्हणून वर फासलेलं मेण निरखलं आणि ती पाण्यात शिरली. लाटेच्या कडेवर बोर्ड गर्रकन वळला. ती किनाऱ्यावर परतताच रावसाहेब धावत पुढे आले.

“काय जादू केलीस, पोरी?”

“मागचा पाय शेपटाकडे, फिनांच्या बरोबर वर टेकवला, एवढंच. मेणावर तुमची दोन्ही पावलं मधोमध उमटलीत, शेपटाकडचं मेण मात्र कोरं. घोडा अडेल नव्हता, रावसाहेब. तुम्ही लगामच धरला नव्हता!”