मोहरीचा ढेकर

गुरं आणि भांडीही माणसासारखी बोलायची त्या काळी एका गोठ्यात मोहरी नावाची म्हैस होती. तिच्या ढेकराने आढ्यावरच्या चिमण्या उडायच्या, आणि मोहरीला त्याचा कोण अभिमान. मग धनीण सगुणाकाकी कडब्याबरोबर जवसाची पेंड घालू लागली आणि आठवड्याभरात ढेकर थांबला.

शेजारची म्हैस तांबी हसली. "उपाशी ठेवतात वाटतं तुला?"

मोहरीने लाजून पेंडीकडे पाठ फिरवली. तेव्हा दुधाची चरवी म्हणाली, "अगं, तुझ्या वैरणीचा कस ढेकरातून हवा नासवत निघून जात होता. आता माझ्यात उतरतो. बघ तरी." चरवी काठोकाठ भरली होती.

सकाळी तांबीने पुन्हा विचारलं, "आला का गं ढेकर?"

मोहरी पेंड चघळत, मान ताठ करून म्हणाली, "आला की. काकी आत्ताच तापवायला घेऊन गेल्या."